चित्र मिळाले, निदानाचे काय?

मेंदूचे चित्र काढणारे एमआरआय यंत्र आता केवळ मुंबई-पुण्याची मिरासदारी राहिलेले नाही. नांदेड आणि लातूर येथेही ही सोय झाली आहे. तथापि चित्र म्हणजे निदान नव्हे, आणि या दोहोंतील अंतराची किंमत रुग्णाच्या कुटुंबाला मोजावी लागते.

सीएसएफ-1-आर या जनुकातील दोषामुळे मेंदूतील श्वेतद्रव्याचा ऱ्हास घडवणारा एक दुर्मिळ विकार या दृष्टीने उद्बोधक आहे. 1984 साली स्वीडनमधील एका कुटुंबात त्याचे वर्णन झाले. दोषी जनुक हाती लागण्यास 2011 ची अखेर उजाडली. बहुधा चाळिशीच्या सुमारास, म्हणजे ऐन कमावत्या वयात, स्वभाव पालटतो, स्मरण क्षीण होते, चाल अडखळते. चित्रात पांढरे डाग दिसतात. परंतु तसे डाग मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये आणि रक्तदाबाने सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडल्यावरही दिसतात. परिणामी कोणाला निरुपयोगी स्टेरॉइड दिले जाते, तर कोणाची रवानगी मानसोपचाराकडे होते.

वस्तुतः या विकाराची एक खूण, चुन्याचे बारीक कण, महागड्या एमआरआयपेक्षा जुन्या व स्वस्त सीटी स्कॅनमध्ये अधिक स्पष्ट दिसते. उणीव यंत्राची नसून काय शोधावे हे जाणणाऱ्या नजरेची आहे. आपले नियोजन मात्र यंत्रे मोजते, नजर मोजत नाही.

केंद्राच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात, 2022 च्या सुधारणेनंतर, 50 लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. परंतु ती यादीतील विकारांपुरती आणि ठरावीक केंद्रांमार्फत. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यांपैकी एक. ज्याच्या आजाराला अद्याप नावच मिळालेले नाही, त्याने कोणत्या रांगेत उभे राहावे?

मूठभर रुग्णांसाठी एवढा खर्च कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. पण चुकीच्या उपचारांवरही पैसा खर्च होतोच. फरक इतकाच की तो शेत विकून उभा केलेला असल्याने सरकारी ताळेबंदात दिसत नाही. शिवाय हा दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे एका अचूक निदानाने पुढची पिढीही सावध होते.

नांदेड व लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून संशयास्पद चित्रे नियमितपणे केईएमच्या तज्ज्ञांपुढे जावीत आणि जनुकीय तपासणीचा भार शासनाने उचलावा. नव्या यंत्राच्या उद्घाटनापेक्षा हे काम स्वस्त आहे. फीत कापण्याची संधी तेवढी त्यात नाही.