फोटोत खुर्ची येते

रथसप्तमीला आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये ‘ज्येष्ठांसाठी 108 सूर्यनमस्कार’ पार पडले. पुण्याशेजारचं आमचं नांदे गाव आता इतकं सुधारलंय की इथे व्यायामालाही प्रायोजक मिळतो. बॅनर, टी-शर्ट, माइक आणि शेवटी प्रमाणपत्र. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ, सत्तरी ओलांडलेले, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, घरून घडीची खुर्ची घेऊन आले. खुर्चीच्या पाठीला धरून जमेल तेवढं वाकायचं, एवढाच त्यांचा बेत. पुढच्या रांगेत त्यांनी खुर्ची उघडली मात्र, समितीतले एकजण लगबगीने आले आणि म्हणाले, “काका, जरा मागे बसता का? फोटोत खुर्ची येते.”

काका मुकाट्याने मागे गेले आणि टाळ्या वाजवायच्या कामाला लागले. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य आठवडाभर जात नाही. दिवाळीनंतर मी इथल्या माहितीपत्रकातल्या ‘योगा डेक’वर लिहिलं, तेव्हापासून समितीने माझ्याशी अबोला धरलाय. तो सुटत आलाय अशी कुणकुण लागली, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी साधा हिशेब. एका नमस्कारात दोनदा पूर्ण ओणवं व्हावं लागतं. म्हणजे 108 नमस्कारांत 216 वेळा डोकं खाली, डोकं वर. तेही माइकवरच्या आकड्यांच्या तालावर. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला झटकन उठताना गरगरतं. काचबिंदू असलेल्याने डोकं खाली केलं की डोळ्यातला दाब वाढतो. हाडं ठिसूळ झालेल्या बाईने पाठीतून गोल होऊन वारंवार वाकलं तर मणका दबण्याची भीती असते. यातलं कुणाला काय आहे हे प्रशिक्षकाने विचारलं नाही. टी-शर्टचं माप मात्र दोनदा विचारून घेतलं. आपल्या शेजारच्या मावळात, लोणावळ्याला, स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम सुरू केलं आणि आसनांचा रक्तदाबावर काय परिणाम होतो हे उपकरणं लावून मोजायला घेतलं. शंभर वर्षं उलटली, आणि डोंगराच्या या बाजूला आम्ही अजून फक्त नमस्कार मोजतोय.

आता त्या खुर्चीकडे येतो. सूस, पाषाण मागे टाकून मॉडेल कॉलनीत गेलात की बी. के. एस. अय्यंगारांनी 1975 मध्ये उभी केलेली रमामणी अय्यंगार संस्था लागते. तिथे खुर्ची हे आसनाचं साधन आहे. पत्र्याची, घडीची, पाठीचा पत्रा काढून टाकलेली, म्हणजे मधून पाय घालता येतील अशी. तिच्यावर आडवं बसून, पाठीची चौकट धरून कंबरेतून वळलं की ते भारद्वाजासन. खाली लोड ठेवून त्यावर खांदे, बैठकीवर कंबर आणि हातांनी खुर्चीचे मागचे पाय धरले की सर्वांगासन. मानेवर भार नाही, धाप नाही, घाई नाही. जोडीला भिंतीतल्या दोऱ्या, लाकडी ठोकळे, पट्टे. आमच्या समितीला हा सगळा पसारा दाखवला तर ती रविवारी सकाळी भंगारवाल्याला बोलावेल.

आणि हे करणारा माणूस कोण? 1937 मध्ये डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आलेला, विशीही न गाठलेला मुलगा. 1966 मध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकात स्वतःची सुमारे 600 छायाचित्रं, बघूनच आपली हाडं दुखावीत अशी. फोटोंची हौस म्हणाल तर आमच्या समितीने त्यांच्याकडे शिकवणी लावावी. साठीला पोचल्यावर, 1979 मध्ये, स्कूटरच्या अपघाताने हाच माणूस जायबंदी झाला, आणि सगळ्या जगाला आसनं शिकवून झाल्यावर स्वतः पुन्हा पहिल्या धड्यापासून बसला. नव्वदी उलटल्यावरही रोजचा सराव चालू होता, आधार घेऊन, एकेका आसनात बराच वेळ थांबून. ऐंशीच्या घरातल्या बेल्जियमच्या राणी एलिझाबेथ यांना त्यांनी शीर्षासन शिकवलं, ही गोष्ट आमचे प्रशिक्षक माइकवर सांगतात. राणीसाहेबांच्या शेजारी खुद्द अय्यंगार उभे होते, हे सांगायचं ते विसरतात. त्या दिवशी क्लबहाऊसमध्ये पस्तीसेक ज्येष्ठ होते आणि त्यांना सांभाळायला एक माइक.

ज्याला सगळं येत होतं त्याने खुर्ची पुढे ओढली. ज्यांना अजून काहीच येत नाही त्यांनी ती मागे सरकवली. म्हातारपणाच्या योगातला फरक मला तरी इथेच दिसतो. तरुणाला आकडा शोभतो. आपल्याला थांबा लागतो, आधार लागतो, आणि आज अमुक करू नका असं सांगणारा गुरू लागतो. तुमच्या प्रशिक्षकाने महिनाभरात तुम्हाला एकदाही काही करायला मनाई केली नसेल, तर तो तुमच्याकडे बघत नाही, कॅमेऱ्याकडे बघतोय असं खुशाल समजा.

यावर औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचं उदाहरण माझ्या तोंडावर फेकलं जाणार, ठाऊक आहे. त्यांचा जन्म 1868 चा. आधी सँडोच्या व्यायामाचं वेड, मग चाळिशीत सूर्यनमस्काराकडे वळले आणि म्हातारपणापर्यंत त्यांनी ते सोडले नाहीत. कबूल. पण राजेसाहेब नमस्कार रोज घालत, वर्षानुवर्षं. रथसप्तमीला प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या दिवशी आयोडेक्स शोधत नसत.

खरं तर आमच्या वयाला नमस्कारांपेक्षा तोल महत्त्वाचा. ज्येष्ठांना आजारपणाइतकंच पडणं महागात जातं. खुबा मोडला की घरातलं घड्याळच बदलतं. भिंतीला बोट टेकवून, एका पायावर दहा श्वास उभं राहिलं, म्हणजे वृक्षासन केलं, तरी चाललं. फूटपाथाबद्दल वर्षभर लिहिणार नाही असं मी संपादकांना लिहून दिलंय, पण वृक्षासन शिकून ते वापरायचं कुठे, हे तर सांगायला हवं ना? सूस-नांदे रस्त्याच्या कडेला. डंपर आला की एक पाय डांबरावर, दुसरा गटाराच्या वर, आणि हात आपोआप नमस्कारात. 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत गेली, त्यात सूस गेलं, म्हाळुंगे गेलं, नांदे राहिलं. तेव्हापासून आमच्या योगसाधनेची जबाबदारी नेमकी कुणाकडे, हा प्रश्न हवेत लोंबकळतोय. आमच्या वयाची माणसं गुडघ्यांमुळे घरात बसतात असं डॉक्टर म्हणतात. माझ्या मते निम्मी तरी रस्त्यामुळे बसतात. पुरावा विचारू नका; संध्याकाळी सहाला येऊन उभे राहा.

तर समितीला विनंती. पुढच्या बैठकीत तीनच विषय घ्या. बॅनरच्या पैशात घडीच्या खुर्च्या. वर्गाआधी प्रत्येकाच्या दुखण्यांची एक साधी नोंदवही. आणि एका प्रशिक्षकामागे आठ-दहाच ज्येष्ठ. फोटो खुशाल काढा, खुर्च्यांसकट. फूटपाथाचं मी बघतो.

— नांदेकर
(‘साठीनंतर’, साप्ताहिक सदर)