आमच्या नावाने अंडं काढू नका

आमच्या साताऱ्याच्या घरात अंड्यांसाठी एक वेगळं पातेलं आहे. अ‍ॅल्युमिनियमचं, एका बाजूला पोचा आलेलं. ते स्वयंपाकघरात येत नाही, मागच्या दारी बंबाशेजारी पालथं पडलेलं असतं. आई माळकरी. मी सहावीत असताना बाबांना टीबी झाला, डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर रोज दोन उकडलेली अंडी सांगितली, तेव्हा हे पातेलं आईनेच विकत आणलं. सहा महिने ती रोज सकाळी पदर नाकाला लावून मागच्या दारी स्टोव्हवर अंडी उकडत होती. बाबा बरे झाले. आईची माळ जागेवरच राहिली. गल्लीत कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "औषध म्हणून."

पुढे इंजिनिअरिंगला सांगलीत आलो. आमच्या खोलीत चौघे, त्यातले तिघे फॉर्मवर 'शाकाहारी' लिहिणारे. मेसच्या डाळीतून डाळ शोधावी लागायची. मग इलेक्ट्रिक केटल आली. केटल चहासाठी आहे असं रेक्टरना सांगितलं होतं, पण तिच्यात चहा क्वचितच झाला. रात्री अकराला सहा अंडी, मीठ आणि घरून आलेला कांदा-लसूण मसाला. टरफलं कागदात गुंडाळून, बॅगेत घालून, विश्रामबागच्या कचराकुंडीत. घरी फोनवर: "जेवलो, डाळ-भात."

हे गमतीचं म्हणून सांगत नाही. आमच्यासारख्यांचा हा खोटेपणा फार महाग पडतो, आणि त्याचे पैसे आम्ही भरत नाही, म्हणून सांगतोय.

नोव्हेंबर २०२३मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. एक. आठवड्याला. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं किंवा दुसरं फळ. कुणाच्याही तोंडात कुणी अंडं कोंबणार नव्हतं. तरी काही धार्मिक संघटनांनी विरोध केला, शाकाहारी समाजाच्या भावना दुखावतात म्हणाले. जानेवारी २०२५मध्ये सरकारने अंड्यासाठीचा स्वतंत्र निधी बंद केला. ज्या शाळांना अंडी द्यायची असतील त्यांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असं सांगितलं.

'शाकाहारी समाज' म्हणजे कोण? मी. माझी आई. केटलवाले माझे दोन मित्र. ऑफिसात डब्याच्या खालच्या कप्प्यात दोन उकडलेली अंडी आणणारी आणि ती पँट्रीत न खाता जागेवरच लॅपटॉपच्या आडून खाणारी माझी सहकारी. आमच्या भावना कुणी विचारल्या? आम्ही तरी कधी सांगितल्या? आम्ही गप्प बसलो, कारण आमचं अंडं आम्हाला मिळतच होतं.

आता मूळ मुद्दा: अंडं शाकाहारी की मांसाहारी? आपल्या देशात पाकिटावरचा ठिपका ठरवणाऱ्या २०११च्या नियमांत मांसाहाराची व्याख्या अशी होती, की प्राण्यापासून आलेलं सगळं त्यात येतं, अंडीसुद्धा. फक्त दूध आणि दुधाचे पदार्थ वगळून. हे 'वगळून' मला फार आवडतं. आम्ही कोडमध्ये अशी एखादी सूट लिहिली तर रिव्ह्यूमध्ये कुणीतरी विचारतं, का? इथं कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत आहे. आपण दूध पितो.

बाजारातलं अंडं म्हणजे कोंबडा कधी न पाहिलेल्या कोंबडीचं अंडं. त्यातून पिल्लू निघणं शक्यच नाही. गांधीजींनी १९४२मध्ये पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी म्हटलंय, की ज्याला दूध चालतं त्याला असं निर्जीव अंडं चालायला हरकत नसावी. गांधीजी म्हणाले म्हणून खा, असं मी म्हणत नाही. एवढंच, की हा विचार जिममधल्या पोरांनी काढलेला नाही.

तुम्ही म्हणाल, हिंसा तरी आहेच की. आहे. अंड्यांच्या जातीचे नर पिल्लू कुणाच्या कामाचे नसतात, ते पहिल्याच दिवशी मारले जातात. कोंबड्या पिंजऱ्यात उभं आयुष्य काढतात. मी अंडं खातो तेव्हा यात माझा वाटा असतो, ते मी नाकारत नाही. पण मग गोठ्यातल्या रेड्याचं काय होतं, हेही विचारा. सांगली-साताऱ्यात घरोघरी म्हशी आहेत, संकलन केंद्रापुढे रोज किटल्यांची रांग लागते. त्या मानाने रेडे किती दिसतात? सगळंच सोडणाऱ्या माणसापुढे मी गप्प बसेन. पेढा खाऊन अंड्याला नाक मुरडणाऱ्यापुढे नाही.

नाकावरून आठवलं. आईची खरी तक्रार धर्माची कधी नव्हतीच, वासाची होती. आणि तो वास अंड्याचा कमी, जास्त उकडण्याचा जास्त. आपल्याकडे अंडी वीस-पंचवीस मिनिटं खदखदत ठेवतात. पांढऱ्या भागातलं गंधक सुटतं, बलकातल्या लोहाला भेटतं आणि बलकाभोवती ती हिरवट-काळी कडा येते. तोच तो वास. त्याऐवजी अंडी गार पाण्यात ठेवा, पाण्याला उकळी आली की गॅस बंद करा, झाकण ठेवा, बारा मिनिटं थांबा, लगेच गार पाण्यात टाका. कडा नाही, वासही जवळजवळ नाही. आणि अंडी चार-पाच दिवस जुनी घ्या, अगदी ताज्या अंड्याचं टरफल पांढऱ्याला चिकटून निघतं. मागच्या दिवाळीत मी आईला हे करून दाखवलं. ती म्हणाली, "हे सहा महिने आधी कळलं असतं तर." वीस वर्षांपूर्वीचे ते सहा महिने.

एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रोटीन, शिवाय बी-१२, जे डाळी-भाज्यांत मिळतच नाही. किंमत सात-आठ रुपये. आमच्या ऑफिसातल्या मशीनमध्ये हिरव्या ठिपक्याचा प्रोटीन बार शंभराच्या वर जातो. जो हा बार घेऊ शकतो त्याने अंडं खावं की नाही, हा त्याचा प्रश्न. त्याच्यासाठी ही निवड आहे. शेंगदाणे, हरभरे, पनीर, दही, सगळं त्याच्या हाताशी आहे.

माझी मावशी जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिथल्या मुलांच्या हाताशी हे सगळं नाही. बरेच आईबाप ऊसतोडीला जातात, मुलं आजीपाशी. अंडं मिळायचं त्या दिवशी पट भरलेला असायचा, असं ती सांगते. लोकसहभागाचं पत्र आल्यावर तिने मला फोन केला. "लोक म्हणजे कोण रे? इथं तर मुलांचे आजोबाच माझ्याकडं वहीचे पैसे मागतात."

जतच्या पलीकडे कर्नाटक सुरू होतं. तिथल्या सरकारी शाळेत २०२४पासून आठवड्याचे सहा दिवस अंडं आहे, नको असेल त्याला केळं. तिथंही लिंगायत आहेत, जैन आहेत, मठ आहेत, विरोधही झाला. तरी अंडं चालू राहिलं. सीमेच्या दोन बाजूंची मुलं एकाच बाजाराला येतात, अर्धी एकमेकांची नातेवाईक आहेत. एकाला सहा, दुसऱ्याला शून्य. आणि हे शून्य माझ्या आईच्या माळेच्या नावाने, जिने स्वतः सहा महिने अंडी उकडली.

म्हणून आम्हा शाकाहाऱ्यांना, म्हणजे केटलवाल्यांना, 'औषध म्हणून'वाल्यांना, लॅपटॉपच्या आडून खाणाऱ्यांना माझं सांगणं आहे. पँट्रीत बसून खा. घरी सांगा. आणि पुढच्या वेळी कुणी आपल्या भावनांचं निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीत जाईल, तेव्हा दुसरं निवेदन घेऊन आपणही जाऊ: आम्ही शाकाहारी, आमची काही हरकत नाही, मुलांना अंडं द्या.

मी आईला विचारलं, सही करशील का? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझं नाव माळकरी म्हणूनच घाल. नाहीतर ते म्हणतील, खाणारीच असेल."