बिनआवाजाची गाडी, दुप्पट जबाबदारी

मागच्या रमजानमधील गोष्ट आहे. ईदच्या खरेदीमुळे दूध बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या दुकानातील मुलगा बॅटरीच्या स्कूटरवर कापडाचे गठ्ठे घेऊन गल्लीतून येत होता. तेवढ्यात एक वयस्कर टेलर मास्तर आपल्या दुकानाची पायरी उतरले. गठ्ठ्याचा कोपरा त्यांच्या खांद्याला लागला, ते पडले आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. पडल्या पडल्या त्यांनी एकच विचारले, "बेटा, गाडी आली कधी?"

दवाखान्याचा खर्च आम्ही दिला. पण ईदच्या तोंडावर शिलाईचा हात बंद पडला तर मास्तरांची वर्षाची कमाईच बुडते. ती भरपाई आम्ही पूर्ण करू शकलो, असे म्हणण्याची हिंमत आमच्यात नाही.

मुलगा म्हणाला, "चाचा, मी वेगात नव्हतो." ते खरे होते. चूक आमची होती. स्कूटर घेताना पेट्रोलची बचत आम्ही पै-पैशाने मोजली, मात्र तिला आवाज नाही ही गोष्ट हिशेबात धरलीच नाही. भद्रकाली, चौक मंडई, दूध बाजार या भागात आपण सारे डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त चालतो. डोक्यावर गठ्ठा घेतलेला हमाल मागे वळून पाहू शकत नाही. फटफटीचा आवाज आला की तो बाजूला होतो. तो आवाजच गेला, तर बाजूला व्हायचे केव्हा?

या प्रश्नाची एक बाजू शर्यतीच्या मैदानावरही दिसली. २०१९ मध्ये विद्युत मोटारसायकलींची 'मोटो-ई' ही जागतिक स्पर्धा सुरू झाली आणि पहिली शर्यत जर्मनीतील साक्सेनरिंग येथे झाली. त्या गाड्यांचा वेग ताशी २५० कि.मी.च्या वर, पण गिअर नाही, क्लच नाही आणि इंजिनाची गर्जनाही नाही. पेट्रोलच्या गाडीत स्वाराला इंजिनाच्या सुरावरून आपला वेग कळतो, मागून कोण येत आहे याचाही अंदाज येतो. इथे मोटरीची बारीक शीळ, वारा आणि टायरची घासण एवढेच कानी पडते. म्हणून नजर आणि अंदाज यांवरच अधिक भिस्त ठेवावी लागते. गाडी पडली तर मदतनीस धावत जातात, पण तिच्यावरचा हिरवा दिवा पाहिल्याशिवाय हात लावत नाहीत. गप्प उभ्या गाडीत वीज आहे की नाही, हे कानाला कळत नाही. २०२५ च्या हंगामानंतर ही स्पर्धा थांबवण्यात आली, पण तिचा धडा शिल्लक आहे: जिथे आवाज जातो, तिथे दुसरी खूण मुद्दाम ठेवावी लागते.

आणि हे लक्षात घ्या, की मैदानावर सारे स्वार शिकलेले असतात, हेल्मेट घातलेले असतात आणि वाटेत म्हातारा माणूस किंवा लहान मूल येत नाही. आपल्या गल्लीत यातील काहीच नाही.

युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विद्युत मोटारीला ताशी २० कि.मी.पर्यंतच्या वेगात कृत्रिम आवाज सक्तीचा आहे. त्यापुढे टायरचाच आवाज पुरतो, असा हिशेब आहे. आपल्या केंद्र सरकारनेही सप्टेंबर २०२५ मध्ये तसा मसुदा काढला, पण तो मोटारी, बस आणि मालट्रकपुरता. दुचाकी त्यात नाही. म्हणजे आपल्या बाजारात सर्वांत जास्त फिरणारी गाडी गप्पच राहणार.

तेव्हा सरकारची वाट न पाहता व्यापारी बांधवांनी काही गोष्टी स्वतः कराव्यात. दुकानाची गाडी गल्लीत चालण्याच्या वेगानेच न्यावी. वळणावर आणि दुकानांच्या पायऱ्यांजवळ हॉर्नचा एक छोटा इशारा द्यावा. सतत वाजवू नये, नाहीतर लोक तोही ऐकेनासे होतात. दिवसाही दिवा चालू ठेवावा. स्वाराच्या कानात मोबाईलची बोंडे नसावीत. गठ्ठा हँडलच्या रुंदीबाहेर जाऊ देऊ नये. गर्दीच्या दिवसांत गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून माल हातगाडीने आणावा. पाच मिनिटे जातील, पण कोणाचा हात जाणार नाही.

एक गोष्ट घरच्या मुलांविषयी. रात्री रस्ता मोकळा झाला की आवाज नसल्याने कोणाला कळणार नाही, या भरवशावर काही पोरे शर्यती लावतात. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे. परवाना लागणारी गाडी अल्पवयीन मुलाने चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. किल्ली कोणाच्या हाती देतो, हे मालकानेच पाहायचे आहे.

बॅटरीच्या गाडीला आमचा विरोध नाही. धूर नाही, खर्च कमी, आणि आम्हीही ती विकलेली नाही. पण पूर्वी इंजिन जी सूचना फुकट देत होते, ती आता स्वाराने आणि मालकाने द्यायची आहे. मास्तरांचा हात आता चालतो, पण सुईत दोरा ओवायला नातू लागतो. आमची स्कूटर त्यांच्या दुकानासमोरून जाते तेव्हा मुलगा उतरून ती हाताने ढकलत नेतो. हे आम्ही त्याला सांगितले नव्हते.