गळ, पाठपिशवी आणि पाण्याखालचे गाव

सहलीला जाण्यापेक्षा सहल ठरवण्यात अधिक आनंद असतो, असे माझे प्रामाणिक मत आहे. प्रत्यक्ष सहलीत पायाला फोड येतात, भात करपतो आणि चौघांपैकी एक जण रुसतो. ठरवताना यातले काहीच घडत नाही. कॅन्टीनच्या बाकावर एक वही आणि चार कप चहा एवढ्या भांडवलावर माणूस थेट सह्याद्रीच्या माथ्यावर जाऊन बसतो.

आम्हीही तसेच बसलो होतो. बेत मोठा होता. पाठीवर पिशव्या बांधायच्या, कोरेगावहून एस. टी.ने सातारा गाठायचा, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या तळ्यापर्यंत जायचे, तिथून पायी बामणोली, आणि पुढे होडीने शिवसागर ओलांडून वासोट्याच्या पायथ्याच्या जंगलात पाण्याकाठी दोन रात्री काढायच्या. दिवसा गळ टाकून बसायचे आणि रात्री चुलीवर माशाचे कालवण करायचे.

आम्हा कोरेगावकरांना भरलेल्या तळ्याचे एवढे वेड का, हे परगावच्या वाचकाला सांगायला हवे. ज्या ढगांमुळे महाबळेश्वरी वर्षाला पाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस कोसळतो, ते आमच्या डोक्यावर येईतो रिकामे झालेले असतात. २०१६ साली 'पाणी फाउंडेशन'ची पहिली वॉटर कप स्पर्धा ज्या तीन तालुक्यांत झाली, त्यांत आमचा तालुका होता, आणि आमच्याच वेळू गावाने पहिला क्रमांक मिळवला. भर उन्हात चर खणणारी माणसे आमच्यापैकी अनेकांच्या घरात आहेत. ज्याने पाण्यासाठी कुदळ चालवलेली पाहिली, त्याला डोंगराच्या कुशीतले निळे पाणी स्वप्नातही दिसते.

वहीत यादी झाली. भाड्याचा तंबू, सुतळी, मेणकापडात गुंडाळलेली काडेपेटी, तांदूळ, खर्डा, मीठ, हळद, गळ, आणि डब्यात ओल्या मातीसह गांडुळे. कालवणाला दुसरे काही घेतले नव्हते. दोन रात्रींच्या जेवणाचा सगळा भार आम्ही विश्वासाने माशांवर टाकला होता!

ही यादी घेऊन आम्ही एका मित्राच्या घरी गेलो, कारण त्याची आज्जी मूळची कोयनाखोऱ्यातली. वाटा, ओढे, माशांचे डोह यांची माहिती मिळेल, असा आमचा स्वार्थी हिशेब. आज्जीने सारे ऐकून घेतले. मग विचारले, "आन् मासा लागला न्हाई तर काय खाणार?" आम्ही हसलो. ती हसली नाही.

"पोरांनो, तुमी तळं म्हंताय त्येला," ती म्हणाली, "आमी न्हाई म्हनत. आमची भाताची खाचरं हायती ती. पंधरा-सोळा वर्सांची आसन मी, तवा पानी आलं. माज्या दारातल्या फणसावरनं तुमी नाव घालवनार."

त्या दिवशी आमची वही बंद झाली. माझे मत बनायला सुरुवात झाली ती तिथून.

कोयना धरणाविषयी आपण भूगोलाच्या तासाला शिकलो आहोत. १०३ मीटर उंचीची भिंत, सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी, पोफळीची वीज, महाराष्ट्राची भाग्यरेखा. परीक्षेत हे सर्व लिहून गुणही मिळवले. पण त्या आकड्यांच्या खाली गावे होती, आणि ती माणसे उठून कोणी सोलापूरकडे, कोणी ठाण्या-रायगडाकडे, कोणी आपल्याच जिल्ह्याच्या दुष्काळी भागात गेली, हे मला गुणपत्रिकेने शिकवले नाही. पुढे १९८५ साली कोयना अभयारण्य झाले. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आणखी काही गावे हलली. २०१२ साली कास आणि कोयनेचा हा परिसर जागतिक वारसा ठरला. आज आपण ज्याला 'निर्जन, निसर्गरम्य' म्हणून छायाचित्रात पकडतो, ते निर्जन आपोआप झालेले नाही. ते निर्जन केले गेले आहे.

याचा अर्थ वीज नको होती किंवा वाघ नको, असा मी काढत नाही. माझ्या खोलीतला दिवा कदाचित आज्जीच्या खाचरावरच्या पाण्यावर जळत असेल. माझे म्हणणे एवढेच, की ज्या रानात जाण्यासाठी आणि ज्या पाण्यात गळ टाकण्यासाठी तिथल्या मूळ माणसाला आज परवानगी लागते, तिथे केवळ हौसेखातर चोरून गळ टाकण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? वासोट्याला जायचे तर वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, संध्याकाळी परतावे लागते, मुक्काम करता येत नाही. पावसाळ्यात वाट बंदच असते. आमच्या बेतातल्या दोन्ही रात्री बेकायदा होत्या, हे आम्हाला यादी पूर्ण झाल्यावर कळले. सहलीची तयारी आपण सामानापासून सुरू करतो. ती माहितीपासून सुरू व्हायला हवी होती.

आमच्यातल्या एका मित्राने तोड काढली. "मासा पकडू आणि सोडून देऊ. मग कुणाचे काय गेले?" हा युक्तिवाद वरवर सभ्य आहे. पण गळाशी झगडून दमलेला मासा प्रत्येक वेळी जगतोच असे नाही. पाणी कोमट असेल तर त्यात प्राणवायू कमी असतो आणि त्याला सावरणे अधिक कठीण जाते. शिवाय चांगल्या हेतूनेही पाण्यात काय बिघडू शकते, याचे उदाहरण आपल्याच मातीतले आहे. दख्खनचा महाशीर कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतून शास्त्राला परिचित करून दिला. तो कमी होऊ लागला तेव्हा लोणावळ्याच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पिले वाढवण्याचे मोलाचे काम झाले. पण तीच पिले दूर कावेरीत सोडली गेली, आणि तिथल्या मूळच्या कुबडवाल्या महाशीराला पाहुणा भारी पडला. कावेरीच्या त्या माशाची गणना २०१८ साली अतिसंकटग्रस्त जातींत झाली. हेतू चांगला असणे पुरत नाही. पाण्याची ओळख असावी लागते.

ती ओळख ज्यांना होती, त्यांनी पुस्तके लिहिली नाहीत. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात लोक देवीचे म्हणून महाशीर राखतात. त्या डोहात कोणी गळ टाकत नाही. वाडा तालुक्यात तिळश्याच्या महादेवापाशीही मासे असेच राखले जातात. या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना एवढे कळले होते, की नदीत एक तरी जागा अशी असावी जिथे माशाला माणसाची भीती नसेल. आपण पदवीधर होऊ घातलेल्यांनी निदान तेवढे तरी शहाणपण दाखवावे.

मग सहलीच करू नयेत काय? मुळीच नाही. मोबाइलच्या काचेवर वासोटा पाहून समाधान मानणाऱ्यांचा मला रागच येतो. पायाने चालल्याशिवाय डोंगर कळत नाही. मासेमारीलाही माझा विरोध नाही. ज्याचे पोट त्यावर आहे, त्याच्या जाळ्याला माझा नमस्कार. आपल्या गावच्या तलावावर ज्यांचा हक्क आहे त्यांना विचारून, पहिल्या पावसात अंड्यांनी भरून चढणीला लागलेले मासे सोडून, एरवी एखादी दुपार गळ टाकून बसावे. संयम शिकण्यासाठी त्याहून चांगला वर्ग नाही, आणि हजेरीही लागत नाही!

महाविद्यालयाला माझी एक नम्र सूचना आहे. प्रत्येक सहलीआधी एक तास तयारीसाठी द्यावा. भूगोलाच्या प्राध्यापकांनी नकाशा उलगडावा. परवानग्या कोणत्या लागतात, ओझे किती घ्यावे, होडीत जीवरक्षक जाकीट का घालावे, घरी परतीची वेळ का सांगून जावे, हे कोणीतरी बोलावे. आणि जिथे जायचे तिथला, किंवा तिथून उठलेला, एक माणूस त्या तासाला बोलवावा. त्याला भाडे लागणार नाही. तो आपल्याच तालुक्यात, कदाचित आपल्याच गल्लीत असेल.

आमचा बेत मोडलेला नाही, बदलला आहे. परीक्षा संपली की बामणोलीला जायचे, मुक्काम गावातल्या घरी, सकाळी परवानगी काढून वासोटा, संध्याकाळी परत. गळ घरी राहणार आहेत. गांडुळे मित्राच्या परसात सुखरूप सोडून दिली. कालवणाला मसूर घेतला आहे.

आणखी एक बदल झाला आहे. आम्ही सुधारलेली यादी वाचून दाखवली तेव्हा आज्जी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "होडीत मला बसाय येईल का रं?"

वहीच्या पहिल्या पानावर आता तंबू, सुतळी, काडेपेटी यांच्याही वर एक ओळ आहे : आज्जीसाठी होडीत टेकायला उशी.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष कला