आमच्या पोरांचे ऋतू कोण छापणार?

रविवारी मी शिळफाट्याजवळच्या वस्तीत लहान पोरं गोळा करतो. गेल्या आषाढात खोपोलीच्या बाजारातून चित्रकवितांचं पुस्तक नेलं. गुळगुळीत कागद, पानाला एक ऋतू, खाली चार ओळींचं गाणं. पोरांनी टाळ्या वाजवत चटकन पाठ केलं. हिवाळ्याच्या पानावर बर्फाचा बाहुला, गळ्यात लाल मफलर. कातकरी वाडीतल्या सहा वर्षांच्या पोरीनं त्यावर बोट ठेवलं. "दादा, ह्यो चुन्याचा हाय का?"

पोरं हसली. मीही हसलो, त्याची लाज अजून जात नाय.

तिचा हिवाळा मला माहीत होता. दिवाळी झाली की उचल घेतलेले आईबाप तिला घेऊन वीटभट्टीवर जातात, ते पावसाच्या तोंडावर परततात. तिच्या वर्षाला ऋतू दोनच, भट्टी आणि पाऊस. रंग तिला पुस्तकाआधी ठाऊक. कच्ची वीट मातकट, भाजली की लाल, जास्त भाजली की काळपट. सफरचंद लाल म्हणलं की ज्ञान, आणि वीट लाल म्हणलं की अडाणीपणा? हा कुठला न्याय?

कवितेशी माझं भांडण नाही. अक्षर यायच्या आधी पोराला शब्द कानातून सापडतो. ताल असला की रंगाचं नाव जिभेवर बसतं, चित्र ते डोळ्यांपुढे धरतं. हत्यार भारी आहे, म्हणूनच ते कुणाच्या हातात आहे हे विचारायचं. सावित्रीबाईंनी १८५४ साली 'काव्यफुले' छापलं. त्यात पिवळा चाफा आहे, जाईचं फूल आहे. शूद्रातिशूद्रांच्या पोरींना शिकवणाऱ्या बाईला फुलावर लिहिणं चैन वाटली नाही. आमच्यातले काही शहाणे मात्र बालगीत म्हणलं की नाक मुरडतात. क्रांती काय अठरा वर्षांनंतरच सुरू होते?

बर्फाचंच घ्या. १९६२ साली अमेरिकेत एझ्रा जॅक कीट्स या गोऱ्या चित्रकारानं 'द स्नोई डे' काढलं. लाल कपड्यातला एक काळा पोरगा बर्फात खेळतो, बस, एवढंच. पुढल्याच वर्षी त्याला कॅल्डेकॉट पदक मिळालं. त्याच १९६२ मध्ये क्रेयोला कंपनीनं 'फ्लेश' म्हणजे कातडीचा रंग म्हणून विकल्या जाणाऱ्या गुलाबट खडूचं नाव बदलून 'पीच' केलं. आणि माझ्या वर्गात? स्वतःचं चित्र काढताना पोरं त्याच गुलाबट खडूला 'स्किन कलर' म्हणून मागतात. उन्हात करपलेल्या आईलाही त्यानंच रंगवतात. बर्फापेक्षा हे मला जास्त बोचतं.

आणि पाऊस? पुस्तकात छत्री, कागदाची होडी, नाचणारा मोर. याच खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री ठाकरांच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. पावसाचं गाणं शिकवताना हे सांगावं का, माझं अजून ठरत नाय. पाच वर्षांच्या पोरात भीती पेरायची नाही, कळतं मला. पण पाऊस म्हणजे नुसती मज्जा, हे इथं उभं राहून म्हणवत नाही.

मग आम्ही आमचं पुस्तक केलं. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू, दोऱ्यानं शिवलेली. ओळी पोरांच्याच तोंडच्या, मी फक्त ताल सांभाळला. शिमग्याच्या आधी सावर लाल, पळस केशरी. उन्हाळ्यात बहावा पिवळा, करवंद हिरव्याचं काळं. पहिल्या पावसाला जांभळट शेवळं. निळ्यासाठी मी आभाळ सुचवलं, तर एकानं सरळ १४ एप्रिलचा झेंडा काढला. त्या पोरीनं हिवाळ्याच्या पानावर भट्टी काढली. आईला कुठला रंग द्यायचा, यावर ती बराच वेळ खडू चाळत बसली. शेवटी तपकिरी उचलला.

मुंबई-पुण्याच्या कवींनो, तुम्ही व्यवस्थेवर दीर्घ कविता लिहिता. लिहा. पण एकदा आठ ओळी पाच वर्षांच्या पोरासाठी लिहून बघा, आणि त्या त्याला म्हणून दाखवा. तोंडाला फेस येईल. चित्रं काढणारे असाल तर रविवारी या. दिवाळीच्या आत पुस्तकाच्या वीसेक प्रती हव्यात, पोरांबरोबर भट्टीवर जायला. कागद जाड लागेल. तिथं धूळ फार असते.