विश्लेषण : उन्हाळ कांदा चाळीत टिकतो, लाल कांदा का टिकत नाही?

कांद्याचे भाव चढले किंवा पडले, की चर्चा निर्यात आणि आवक यांच्याभोवती फिरते. पण काढलेला कांदा भावासाठी किती दिवस थांबू शकेल, हे बरेचसे वाण आणि हंगाम ठरवतात.

राज्यात कांद्याचे हंगाम किती?

तीन. खरिपाच्या लाल कांद्याची लागवड जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि ऑक्टोबरपासून तो निघू लागतो. रांगडा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावतात, जानेवारी ते मार्चमध्ये काढतात. रब्बीचा उन्हाळ कांदा डिसेंबर-जानेवारीत लावून मार्च ते मेदरम्यान काढला जातो. देशातील निम्म्याहून अधिक उत्पादन रब्बीचेच असते.

हंगामानुसार वाण का बदलतात?

पात वाढवण्याचे थांबवून कांदा कधी पोसायचा, हे रोप प्रामुख्याने दिवसाची लांबी आणि तापमानावरून ठरवते. नाशिक परिसरात सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा, तर सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. उत्तर युरोपात उन्हाळ्यात हाच दिवस १६ तासांच्या पुढे जातो. त्यामुळे तिथले वाण इथे लावल्यास पात वाढत राहते, कांदा धरत नाही.

इथल्या इथेही फरक मोठा आहे. लाल कांदा पोसतो तेव्हा दिवस लहान होत जातात, हवा दमट असते. उन्हाळ कांदा पोसताना दिवस मोठे होत जातात, हवा कोरडी असते. उन्हाळ वाण खरिपात लावल्यास माना जाड राहतात. खरिपाचे वाण रब्बीत लावल्यास डेंगळे आणि जोडकांदे वाढू शकतात.

कोणते वाण कधी?

खरिपासाठी एन-५३, बसवंत-७८०, अ‍ॅग्रीफाउंड डार्क रेड, भीमा सुपर. रब्बीसाठी एन-२-४-१, अ‍ॅग्रीफाउंड लाइट रेड, भीमा किरण, भीमा शक्ती. यातील ‘भीमा’ मालिका राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची आहे.

टिकवणक्षमतेत फरक कशामुळे?

उन्हाळ कांद्याची पात काढणीपर्यंत माना टाकते, मान बारीक होऊन मिटते आणि साल घट्ट बसते. असा कांदा चाळीत पाच-सहा महिने राहतो. लाल कांद्यात ओलावा जास्त, मान पूर्ण मिटत नाही. बुरशीला वाट मिळते आणि तो काही आठवड्यांतच विकावा लागतो.

याचा धोरणाशी संबंध काय?

केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. तेव्हा चाळीत उन्हाळ कांदा होता. शेतकऱ्याला थोडे थांबणे शक्य होते. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी आली ती लाल कांद्याच्या ऐन आवकेत. बंदी मे २०२४ मध्ये उठली, तोवर लाल आणि रांगडा दोन्ही विकले गेले होते.

मग उपाय काय?

खरिपात जास्त टिकणारे वाण आणणे हा संशोधनाचा लांबचा पल्ला आहे. तोपर्यंत शेतकऱ्याने बियाणे घेताना पिशवीवरील वाण आणि हंगाम तपासून पक्के बिल घ्यावे. निर्णय घेणाऱ्यांनीही बाजारात कोणता कांदा आहे, हे आधी पाहायला हवे. एकच आदेश उन्हाळ कांद्याला काही आठवडे थांबवतो. लाल कांद्याचा मात्र अख्खा हंगाम बुडवतो.