इंद्रायणीचा घाट आणि केडगावची पंडिता

यंदा, २०२६ साली, चैत्र पौर्णिमा गुरुवारी, २ एप्रिल रोजी येत आहे. त्या पहाटे हनुमानजन्माचे कीर्तन आटोपून, सुंठवड्याचा प्रसाद घेऊन भाविक घरी परततील, आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या आळीतील ख्रिस्ती कुटुंब गुड फ्रायडेचा उपवास करील. रविवारी, ५ एप्रिलला, त्यांचा ईस्टर. वसंतसंपातानंतरची पहिली पौर्णिमा आणि तिच्या पाठचा रविवार, असा ईस्टर ठरविण्याचा प्राचीन संकेत आहे. तेव्हा हा सण आपल्या पौर्णिमेच्या इतक्या जवळ यावा, यात नवल नाही. योगायोग आहे तो दुसराच. याच ५ एप्रिलला, १९२२ साली, पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी देह ठेवला. एका पुराणिकाच्या घरी वाढलेल्या या विदुषीची पुण्यतिथी आणि ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण यंदा एकाच दिवशी येत आहेत.

धार्मिक पानावर परधर्मीयांच्या सणाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर केडगावात नाही. ते इंद्रायणीच्या घाटावर आहे.

चिंचवड-मोशीपासून चाकण-खेडपर्यंत दहाव्याच्या दिवशी घाटावर प्रवचन ठेवण्याची चाल आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. प्रस्तुत लेखकाने आयुष्यात अशी प्रवचने किती केली याची गणती नाही. पूर्वी ती बहुधा पिकल्या पानांची असत. ऐंशी वर्षांचा वारकरी गेला, नातवंडे-पतवंडे जमली, की ‘जातस्य हि ध्रुवो मृत्युः’ या गीतावचनाचे निरूपण करताना वक्त्याला आणि श्रोत्यांनाही अवघडल्यासारखे होत नसे. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला, पाठोपाठ मोटारींचे कारखाने आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि पुढे चाकण, निघोजे, महाळुंगे, कुरुळी ही शेतीची गावे यंत्रांच्या आवाजाने भरून गेली. या उद्योगांनी लाखो घरांत चूल पेटविली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्याबरोबर घाटावरचे दहावेही बदलले. आता पिंडासमोर पंचविशीतला तरुण मुलगा फोटोतून हसत असतो. कोणी रात्रपाळीहून परतताना पुणे-नाशिक रस्त्यावर गेलेला असतो, कोणी प्रेसच्या यंत्राखाली. ८ डिसेंबर २०२३ रोजी देहूच्या शेजारी, तळवडे येथे, वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या शोभेच्या मेणबत्त्या तयार करण्याच्या ठिकाणी आग लागली. सहा महिला त्याच दिवशी गेल्या, आणि मृतांचा आकडा पुढे वाढतच राहिला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणी सोमवारी, खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची गाडी घाटात कोसळली. देवाच्या वाटेवरच त्यांतील कित्येकींचा अंत झाला.

अशा वेळी वक्त्याने काय सांगावे?

काही वर्षांपूर्वी एका तरुण कामगाराच्या दहाव्याला आम्ही नेहमीप्रमाणे प्रारब्धाचे विवेचन केले. काकस्पर्श झाला, मंडळी पांगू लागली. तेव्हा त्याची आई जवळ आली आणि शांतपणे म्हणाली, “महाराज, प्रारब्ध मला मान्य आहे. पण त्या मशीनची जाळी कुणी काढून ठेवली होती, ते तुमच्या प्रारब्धाला ठाऊक आहे का?” चाळीस वर्षांच्या शास्त्राभ्यासात या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. मुलाचा एक सोबती तेथे उभा होता. तो नगर जिल्ह्यातला मराठी ख्रिस्ती. त्याने काहीही न बोलता त्या माउलीच्या पायांशी बसून घेतले आणि तो रडू लागला. आमच्या तासाभराच्या निरूपणाने जे झाले नव्हते ते त्या एका कृतीने झाले. दहा दिवस कोरडे राहिलेले तिचे डोळे वाहू लागले.

पुढे त्याच मुलाच्या आग्रहावरून गुड फ्रायडेला त्याच्या प्रार्थनेस जाण्याचा योग आला. पिंपरीतील कॅथलिक चर्च दुःखितांचे सांत्वन करणाऱ्या मातेच्या नावाने ओळखले जाते, हे अनेकांस माहीत नसेल. ती माता म्हणजे मेरी. पोटच्या पुत्राचा अंत जिने क्रूसाजवळ उभे राहून पाहिला, ती. ख्रिस्ती धर्माविषयी आमच्या समाजात एक समज आहे की, त्यांचा देव तिसऱ्या दिवशी उठला, तेव्हा त्यांना मृत्यूचे दुःख ते काय असणार? तेथे बसल्यावर ध्यानात आले की, हा समज उथळ आहे. त्या दिवशीच्या उपासनेत पुनरुत्थानाची घाई नसते. वेदी उघडी केलेली असते, घंटा वाजत नाही. क्रूसावर येशूने देवाला, मला का टाकलेस, असे विचारल्याचे शुभवर्तमानात नमूद आहे. तो प्रश्न त्यांनी ग्रंथातून काढून टाकलेला नाही. शिवाय ते शब्द त्यांच्या जुन्या स्तोत्रसंहितेतले आहेत; आपल्याकडे अंतकाळी वारकऱ्याच्या ओठांवर अभंग यावा, तसे ते आले.

येथे पुनरुत्थान या शब्दाचा विचार करणे अवश्य आहे. कारण आपण त्याचा अर्थ पुनर्जन्म असा करून मोकळे होतो. पुनर्जन्मात देह टाकून जीव दुसरा देह घेतो. आत्मा मरतच नाही, हा आपला सिद्धान्त. ख्रिस्ती श्रद्धेची मांडणी निराळी आहे. तिथे मरण खरे आहे, माणूस खरोखरच मरतो, आणि मेलेल्याला देव आपल्या कृपेने नवे, अविनाशी जीवन देऊन उठवितो. ते जुन्या आयुष्यात परतणे नव्हे, आणि नवा जन्मही नव्हे. त्यातही एक गोष्ट विलक्षण आहे. उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते, आणि संशय घेणाऱ्या थोमा नामक शिष्याला त्याने तेच दाखविले. म्हणजे दुःख पुसले गेले नाही. ते सोबत घेऊन विजय झाला. हा सिद्धान्त आम्हांस मान्य आहे काय, असे विचाराल तर, नाही. आम्ही गीतेच्या वाटेचे. परंतु दुसऱ्याचा सिद्धान्त नाकारण्यापूर्वी तो नीट समजून घ्यावा, हीच पूर्वपक्ष मांडण्याची आपली शास्त्रीय परंपरा आहे.

आता पंडिता रमाबाईंकडे वळू. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान पुराणिक. सनातनी असूनही पत्नीला आणि मुलीला त्यांनी संस्कृत शिकविले. हे कुटुंब तीर्थातीर्थांतून पुराण सांगत हिंडे. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि प्रथम वडील, मग आई, मग थोरली बहीण अशी माणसे उपासमारीत गेली. व्रते झाली, अनुष्ठाने झाली, होते ते सारे दान झाले. आईच्या प्रेताला खांदेकरी पुरेनात. उंची कमी पडे म्हणून रमाबाईंनी आपला भाग डोक्यावर घेतला. पुढे कलकत्त्यास १८७८ साली पंडितांनी त्यांना गौरविले; पण १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी पटकीने गेले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती दीक्षा घेतली.

आम्हां पुराणिकांना ही हकीकत वाचताना मान खाली घालावी लागते. देव मुका होता, की पुराण ऐकणारी गावे बहिरी होती? त्यांच्या धर्मांतराने महाराष्ट्र दुखावला. मुंबईत १८८९ साली उघडलेले आणि पुढे पुण्यात आलेले शारदासदन वादात सापडले. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही त्यापासून दूर झाले. त्या वादात हिंदू समाजाची बाजू अगदीच निराधार होती, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ही श्रद्धा कोणी पैशाने विकत घेतली नव्हती, हेही तितकेच खरे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना त्यांनी आणले आणि केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभारले. ज्या दुष्काळाने आपले घर नेले, त्याच दुष्काळाच्या तोंडातून दुसऱ्यांच्या लेकी काढणे, हा त्यांच्या श्रद्धेचा अर्थ होता.

कसोटी मात्र अखेरीस लागली. २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, मनोरमा गेली. आईचा सारा भार वाहणारी एकुलती मुलगी. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. संस्कृतवर प्रभुत्व असलेल्या या पंडितेने त्यासाठी साधी मराठी निवडली, ती खेड्यातल्या बाईला कळावी म्हणून. मुलगी गेल्यावरही काम थांबले नाही. नऊ महिने पुरे होण्याआधी त्या स्वतः गेल्या. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले.

या साऱ्यातून आपण काय घ्यावे? धर्म बदलावा असे नव्हे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तचरणी पोचलो, अशा आशयाचे उद्गार काढले होते आणि कीर्तन-अभंगांची आपली रीत ख्रिस्ती मंडळींत नेली. पुलावरून दोन्हीकडे येजा होते. आपणही पलीकडे पाहून आपल्याच घरातले विसरलेले धन परत आणावे.

लाजरस नावाचा मित्र मरण पावला तेव्हा त्याला आपण उठविणार, हे ठाऊक असूनही येशू थडग्यापाशी रडला, असे शुभवर्तमान सांगते. हे आपल्याला अपरिचित आहे काय? शके १२१८ मध्ये आळंदीस ज्ञानोबा माउलींनी समाधी घेतली. ती संजीवन आहे हे जाणणारे निवृत्तिनाथ आणि संतमेळाही व्याकुळ झाला, असे नामदेवरायांनी समाधीच्या अभंगांत वर्णिले आहे. ज्ञान्यांनी जे अश्रू अडविले नाहीत, ते आम्ही दहाव्याच्या घाटावर कोणत्या अधिकाराने अडवितो? गीतेचा दुसरा अध्याय आम्ही शोकाकुल आईला ऐकवितो. पण तो सांगितला गेला युद्धाआधी, अर्जुनाला. युद्धानंतर शंभर पुत्रांच्या प्रेतांत उभी असलेली गांधारी समोर आली, तेव्हा भगवंतांनी तिला गीता सांगितली नाही. तिचा शाप ऐकून घेतला. पुढे तिचा दोषही तिला दाखविला, हे खरे. पण शाप आधी स्वीकारला.

आणि तुकोबा? दुष्काळात पत्नी आणि पुत्र गमावलेला हा महापुरुष, वह्या इंद्रायणीत बुडाल्यावर तेरा दिवस शिळेवर अन्नपाण्याविना बसून राहिला. वह्या वर येतील हे पहिल्या दिवशी कोणाला ठाऊक होते? ख्रिस्ती मंडळींच्या शुक्रवार-रविवारामध्येही एक शनिवार असतो. त्या दिवशी काहीच घडत नाही; शिष्य दारे लावून बसलेले असतात. आपला मृताशौचाचा काळ हाच तो दिवस. आम्ही वक्ते दहाव्या दिवशीच घरच्यांना मोक्षाच्या गावी नेऊ पाहतो. तीही राजकीय मंडळींची तासभर श्रद्धांजलीची भाषणे संपल्यावर.

म्हणून आम्ही आता एक नियम केला आहे. प्रवचन वीस मिनिटांचे. प्रारब्धाचा उच्चार, जिथे माणसाची हयगय आहे तिथे नाही. कारण यंत्राची काढलेली जाळी हे संचित नव्हे, ते पाप आहे, आणि त्याचा कर्ता इथेच शोधावयाचा असतो. शेवटी जमलेल्यांना एवढेच विचारतो की, या घरच्या वारसाला मिळावयाची भरपाई कोण पाठपुरावा करून मिळवून देईल आणि मुलांची फी कोण भरील? पहिल्या वेळी सारे गप्प राहिले. दुसऱ्या दहाव्याला मात्र दोन हात वर आले. त्यांतला एक त्या ख्रिस्ती मुलाचा होता.

येत्या रविवारी सकाळी त्याच्या घरी ईस्टरच्या शुभेच्छा देण्यास आम्ही जाणार आहोत. त्या माउलीलाही सोबत घेऊन जाऊ. तिच्या प्रश्नाचे उत्तर अजून आमच्यापाशी नाही. परंतु आता तो प्रश्न तिचा एकटीचा राहिलेला नाही.